व्ही-क्रॉसच्या हौद्यात मुक्काम: छतावरचा तंबू की कॅनोपी? बजेट दीड लाख

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. घरात सेकंडहँड इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप आली आहे. १.९ चं इंजिन, फोर बाय फोर, गाडी साताऱ्यात. नवरा बोटीवर असतो, त्यामुळे बहुतेक वेळा आम्ही तिघंच: मी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण डोंगरात यायची हौस दांडगी. सुट्टीला कोयनेचं बॅकवॉटर, भंडारदरा, दिवाळीत कोकण आणि पुढच्या जूनअखेर स्पिती असा बेत आहे.

जमिनीवर तंबू टाकून झोपायला सासूबाईंचा ठाम नकार आहे. माहेर देवगडकडचं, फुरसं हा विषारी साप काय चीज आहे हे त्यांना सांगावं लागत नाही. तेव्हा जमिनीपासून वर झोपायचं हे नक्की. प्रश्न एवढाच की छतावरचा तंबू घ्यावा, की हौद्यावर कॅनोपी, म्हणजे कडक बंदिस्त टप, बसवून आत झोपायची सोय करावी? बजेट दीड लाख, सगळं धरून. त्याच्यावर एक रुपया नाही.

ठाणे_वेस्ट
तंबू राहू दे, आधी टायर बदला. कंपनीतून आलेले टायर डांबरासाठी असतात, चिखलात त्यांच्या खाचा भरून जातात आणि मग गाडी नुसती जागच्या जागी फिरते. चार ऑल-टेरेन टाका. मला सत्तरेक हजार पडले, पण पावसाळ्यात ताम्हिणीच्या आतल्या रस्त्यांवर जिथं बाकीचे परत फिरतात तिथून मी पुढं जातो.

रंकाळा
कॅनोपीच. डोळे झाकून. मी थायलंडहून आलेली फायबरची बसवली आहे, रंग गाडीला तंतोतंत जुळतो, बाजूच्या काचा उघडतात. दीड लाखाच्या थोडं वर जाईल, पण एकदाच करायचं तर नीट करावं. एक सांगतो जे दुकानदार सांगत नाही: कच्च्या रस्त्यावर धूळ पुढून येत नाही, मागून येते. गाडी पळताना मागं हवेची पोकळी होते आणि फाळक्याच्या फटीतून धूळ आत ओढली जाते. माझं सगळं अंथरूण लाल झालं होतं. फाळक्याच्या चारी कडांना दाराचं रबर लावून घेतलं तेव्हा थांबलं. मीटरवर मिळतं, फार पैसे लागत नाहीत.

दर्यावर्दी
छतावरचा तंबू घ्या ताई. पाच मिनिटांत उघडतो, गादी आतच असते, वारा लागतो, समुद्र दिसतो. आम्ही दापोलीच्या बाजूला थेट वाळूत गाडी उतरवतो, टायरची हवा अठरा-वीसवर आणायची की गाडी तरंगते. सकाळी डोळे उघडले की समोर लाटा. त्याची सर कॅनोपीला नाही.

वेळासकर
दर्यावर्दी, वाळूत गाडी नेऊ नका आणि दुसऱ्याला सुचवूही नका. वेळास, आंजर्ले या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात, पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडावर बाहेर पडतात. चाकाखाली घरटं आलं तर वरून कळतही नाही. चाकोरी खोल पडली तर पिल्लू तिच्यात अडकतं, पाण्यापर्यंत पोचत नाही. गावातली पोरं रात्र रात्र जागून घरटी राखतात. गाडी वाडीत लावा, तिथून चालत दोन मिनिटं.

दर्यावर्दी
आम्ही कासवांच्या किनाऱ्यावर जात नाही, दुसरीकडे जातो. आणि भरती-ओहोटी बघून जातो.

वेळासकर
कासव पाटी बघून येत नाही. कुठल्याही किनाऱ्यावर येतं.

मिस्त्री_बारामती
ताई, मी गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. तंबू की कॅनोपी हे नंतर. आधी वजनाचा हिशेब मांडा, तो इथं कुणी सांगितला नाही.

आरसीवर आणि गाडीच्या पुस्तिकेत रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा दिलेली असते. वजाबाकी करा. जे उरतं त्यातच माणसं, सामान, पाणी, तुम्ही बसवाल ती प्रत्येक वस्तू. छतावरचा तंबू पन्नास ते सत्तर किलो. त्याला धरायला लोखंडी फ्रेम, वीस-पंचवीस. विंच (अडकलेली गाडी तारेनं ओढून काढायचं यंत्र) आणि जाड बंपर, सत्तर-ऐंशी सहज, तेही सगळं पुढच्या चाकांवर. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. शिवाय पाच माणसं बसली तर साडेतीनशे. म्हणजे हौस संपायच्या आत मर्यादा संपते. मग ब्रेक लांब लागतो, मागचे पाटे सपाट होतात आणि खड्ड्यात मागची बाजू बसते.

छताचं गणित अजून वेगळं. उभ्या गाडीला छत जेवढं पेलतं तेवढं पळत्या गाडीला पेलत नाही. पुस्तिकेतला आकडा पळत्या गाडीचा असतो आणि तो लहान असतो.

माझा सल्ला: आत्ता काही विकत घेऊ नका. आहे तशी गाडी सामानानिशी, माणसांनिशी भरा आणि उसाच्या ट्रका जिथं तोलतात त्या वजनकाट्यावर न्या. चिठ्ठी मिळते. पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोलून घ्या.

ठाणे_वेस्ट
वजनाचं पटलं, पण विंच पाहिजेच. तीन जण, त्यात आजी आणि लहान मूल, रानात अडकलात तर कोण ओढणार? टायर आणि विंच, बाकी सगळं चैन.

मिस्त्री_बारामती
विंचला समोर झाड लागतं, तार हाताळायला सराव लागतो. तुटलेली तार माणसाला कापते. त्यापेक्षा चाकाखाली घालायच्या दोन खाचांच्या पट्ट्या, फावडं आणि एक चांगला ताणदोर. दोर बांधायचा तो चासीच्या हुकाला. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीही नाही, तो तुटून गोळीसारखा येतो.

कागदपत्र
इथं सगळे बदल सुचवतायत, कायद्याचं कुणी बोलत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढचे लोखंडी बुलबार तर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवले. ते बेकायदा आहेत ते बरंच आहे, पायी माणसाला धडक बसली तर बुलबार जीव घेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचंही गणित बिघडवतो.

सोपा नियम: वेल्डिंग नको, चासीला भोक नको, गाडीची रुंदी वाढायला नको. सामान म्हणून ठेवलं आणि काढून घेता आलं की प्रश्न येत नाही.

रंकाळा
माझी कॅनोपी घेऊन मी कोल्हापूर ते कच्छ जाऊन आलो, कुणी अडवलं नाही.

कागदपत्र
रस्त्यात नाही अडवणार. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेयर अडवेल. विमा कंपनीला आधी लेखी कळवा, हप्ता थोडा वाढेल पण दावा फेटाळायला निमित्त मिळणार नाही.

ह्यूस्टनकर
इकडे पिकअपच्या हौद्यातच लावायचा तंबू मिळतो, फाळका उघडा ठेवून. आम्ही टेक्ससमध्ये वापरला. नाही आवडला. रोज रात्री आधी हौद्यातलं सगळं सामान खाली काढायचं, सकाळी परत भरायचं. वाऱ्यात फडफड. आणि इकडे साडेसहा फुटी हौदा असतो, तुमचा पाच फुटांच्या आसपास, तेव्हा पाय फाळक्यावर येणार. एक मात्र ध्यानात ठेवा: पत्रा खालून थंड पडतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. वर कितीही गोधड्या घ्या, खाली दोन इंच फोम नसेल तर पाठ गारठते. स्पितीत तर नक्कीच.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. कालच काट्यावर जाऊन आले, चिठ्ठी हातात आहे. आम्ही तिघं, सामान, पाणी धरून जेवढी जागा उरते त्यात छतावरचा तंबू बसतो, पण मग फ्रिज, पट्ट्या, दोर काहीच नाही. शिवाय सासूबाई रात्री शिडीवरून दोनदा उतरणार हे मला पटत नाही. छत बाद.

दुसरा प्रश्न: बारा व्होल्टचा छोटा फ्रिज घ्यायचा आहे. गाडीच्या बॅटरीवर रात्रभर चालेल का?

वायरमन_नाशिक
चालेल आणि सकाळी गाडी चालू होणार नाही. कॉम्प्रेसरचा ४० लिटरचा फ्रिज आपल्या उन्हाळ्यात दिवसाला साधारण ४० अँपिअर-अवर खातो. गाडीची बॅटरी स्टार्टर मारायला बनवलेली असते, अर्ध्याच्या खाली वारंवार नेलीत तर वर्षभरात बसते. वेगळी लिथियम फॉस्फेट बॅटरी घ्या, १०० अँपिअर-अवरची, ती दोन दिवस सांभाळते. ती अल्टरनेटरला थेट जोडू नका, मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो.

वायर पुढून हौद्यापर्यंत लांब जाते, तेव्हा जाड घ्या, दहा स्क्वेअर एमएमच्या खाली नको. बारीक वायरीत व्होल्टेज गळतं आणि फ्रिज लो-व्होल्टेज दाखवून बंद पडतो, मग लोक फ्रिजला शिव्या देतात. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात. मागच्या टोकाला लावलेला फ्यूज फक्त फ्रिज वाचवतो, गाडी नाही. एका दुकानात माझ्या भावाच्या गाडीत मागं लावून दिला होता, वायर सायलेन्सरजवळ घासली, आग व्हायची राहिली. पैसेही परत दिले नाहीत.

दर्यावर्दी
फ्रिज कशाला? बर्फाची लादी आणि थर्माकोलचा डबा. मासळी तीन दिवस राहते.

ठाणे_वेस्ट
+१. त्या पैशांत टायर येतात.

गडकरी_नव्हे_गडी
मी तर म्हणतो गाडी विका आणि हायलक्स घ्या. २०२२ पासून इथं मिळते, २.८ चं इंजिन, मागं डिफरन्शियल लॉक कंपनीतूनच. मी घेतली तेव्हापासून कुठल्याही बदलाची गरज पडली नाही.

मिस्त्री_बारामती
तीसेक लाखांची गाडी दीड लाखाच्या धाग्यात कशाला?

काझा_रिटर्न
स्पितीबद्दल लिहितो. डिझेलचे कॅन बांधून नेऊ नका. काझ्यात पंप आहे. मनालीहून असो की रेकाँगपिओहून, टाकी भरून निघालात तर दोनशेएक किलोमीटर आरामात जातं. ग्रांफू ते बातल हा रस्ता म्हणजे दगड आणि नाले. नाले सकाळी लवकर ओलांडा. दुपारी ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी चाकाच्या निम्म्यावर येतं. जूनअखेर कुंझुम उघडली आहे का ते निघायच्या आदल्या दिवशी विचारा, खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे, तारखेचा भरवसा नाही. सासूबाईंसाठी किन्नौरकडून चढा, मनालीकडून नको. हळूहळू उंची वाढते, शरीराला वेळ मिळतो.

आणि सर्वात महत्त्वाचं. थंडी वाजली म्हणून तंबूत किंवा बंद कॅनोपीत शेगडी, कोळसा, गॅस पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही. गरम पाण्याच्या पिशव्या न्या.

कृष्णाकाठ
ठरलं. कॅनोपी घेत नाही, छताचा तंबू घेत नाही, टायर अजून निम्मे शिल्लक आहेत ते झिजेपर्यंत तेच. ह्यूस्टनकरांना न आवडलेला हौद्याचा तंबूच करतेय, पण विकतचा नाही.

आमच्याकडे ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे एक काका आहेत, उसाच्या हंगामात त्यांना मान वर करायला सवड नसते. त्यांना गाडी दाखवली. जाड सुती कापडाची ताडपत्री, तीन पाइपच्या कमानी, हौद्यातल्या दोर बांधायच्या कड्यांना अडकवायच्या. भोक नाही, वेल्डिंग नाही, पंधरा मिनिटांत निघते. प्लास्टिकची घेऊ नका म्हणाले, आत श्वासाचं पाणी साचून टपटपतं, सुती कापड ते शोषून बाहेर सोडतं. प्रत्येक शिवणीवर मेण चोळून देणार आहेत. चौदा हजार सांगितले.

सामान रोज काढावं लागू नये म्हणून चाकांवरच्या उंचवट्याच्या पातळीला प्लायची फळी टाकतेय, खाली चपट्या पेट्या. त्यामुळे हौद्याची पूर्ण रुंदी झोपायला मिळते. वर फोम. मी आणि मुलगा तिथं, सासूबाई मागच्या सीटवर, त्यांना तीच जागा आवडली, उंचीनं लहान आहेत त्या. उरलेल्या पैशांत फ्रिज, बॅटरी, चार्जर, पट्ट्या आणि दोर.

रंकाळा
ताडपत्री चोर ब्लेडनं कापतो. कॅनोपीला कुलूप असतं. लक्षात ठेवा.

ठाणे_वेस्ट
निम्म्या टायरांवर स्पिती? मला नाही पटलं.

मिस्त्री_बारामती
ताई, काम चांगलं ठरवलंय. फळी बारा एमएम मरीन प्लायची घ्या, खाली आडव्या पट्ट्या द्या, नाहीतर मधे झोल येईल. फाळका उघडा ठेवून झोपणार तर त्याच्या केबलवर रात्रभर भार टाकू नका, खालून एक घडीचा पाय द्या. फाळका उघडा ठेवून झोपायचंच, चालवायचं नाही. टायरचं ठाणेकरांचं ऐका, स्पितीच्या आधी खाचांची खोली मोजून घ्या.

कृष्णाकाठ
पायाचं लक्षात आलं नव्हतं. घडीचा लोखंडी स्टुल चालेल का, की बनवून घेऊ?

नवा_भिडू
माझ्याकडे तीन दाराची थार आहे, मागं झोपायला अशीच फळी बसेल का? उंची पाच फूट अकरा. बजेट ठरवलं नाही.

मिस्त्री_बारामती
कृष्णाकाठ, स्टुल सरकतो, बनवून घ्या. खाली रुंद पत्रा लावायला सांगा, ओल्या मातीत रुतणार नाही. भिडू, वेगळा धागा काढा.