रंग आधी की हुक? बाससाठी ल्युअरमध्ये बदल करताना सुरुवात कुठून करावी

टोकदार (धागाकर्ता)

बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) पकडायचा ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिष, कस्टमाइझ करायचा म्हटलं की बहुतेक जण थेट एअरब्रश नाहीतर मार्कर हातात घेतात. माझं मत: रंग सगळ्यात शेवटी. आधी हुक, मग चाल, मग वजन. एवढं झाल्यावर वेळ उरला तर खुशाल रंगवत बसा.

हुक बदलताना एकाच मापाने वर जा. ६ नंबरचा ट्रेबल (तीन टोकांचा हुक) काढून ४ नंबरचा लावलात (नंबर लहान म्हणजे हुक मोठा, नवीन लोक इथेच फसतात) तर तीन गोष्टी तपासा. पुढचा आणि मागचा हुक एकमेकांकडे ताणल्यावर टोकं भिडता कामा नयेत. पुढच्या हुकचं टोक पोटावर किंवा ओठावर (तोंडाखालची पुढे आलेली पट्टी) अडकता कामा नये. आणि ल्युअर पाण्यात पूर्वीसारखाच तरंगला पाहिजे. पहिल्या दोन्हींत गडबड असेल तर त्याच मापाचा आखूड दांड्याचा हुक घ्या. धार बघायची तर टोक नखावर तिरकं टेकवून सरकवा. घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक. बोथट झालेला रासायनिक धारेचा हुक कानशीने घासण्यापेक्षा बदललेला बरा.

चाल सरळ नसेल तर क्रँकबेटचं (ओढल्यावर डुलत जाणारा ओठवाला ल्युअर) तोंड स्वतःकडे धरा. ओढताना तो डावीकडे पळत असेल तर दोरा बांधायची कडी नोज प्लायरने उजवीकडे वाकवा, तीही केसभर. नंतर पाण्यात टाकून बघा, मग पुन्हा केसभर. कडी पिळायची मात्र नाही. पिळली की आतला गोंद सुटतो आणि पाणी शिरतं.

तुमचं काय मत?

रंगारी

साफ असहमत. हुक बदलणं म्हणजे दुरुस्ती, कस्टमाइझ करणं नव्हे. आणि "रंग शेवटी" हे वाक्य ज्यांचं क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) दुसऱ्याच आठवड्यात सोलून निघतं त्यांच्याकडूनच जास्त ऐकू येतं.

रंगाचं काम नीट करायचं तर असं: हुक आणि रिंगा काढा. ओठावर मास्किंग टेप लावा. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून चमक फक्त मारा, खालपर्यंत घासू नका. भांड्याच्या साबणाने धुवा, त्यानंतर बोट लावायचं नाही. पांढरा बेस, त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकचे पातळ हात, प्रत्येक हात हेअर ड्रायरने वाळवून. खवले हवे असतील तर जाळीचं कापड अंगाला ताणून बसवा आणि वरून फवारा मारा. शेवटी दोन भागांचा इपॉक्सी, ल्युअर मिनिटाला ५-६ फेऱ्यांनी फिरत ठेवून. फिरवला नाही तर इपॉक्सी ओघळून पोटाखाली गाठ धरतो.

कुठे बिघडतं? मार्करवर थेट इपॉक्सी ओतला की शाई पसरते. मध्ये ॲक्रिलिक क्लिअरचा हलका फवारा हवाच. आणि जुना रंग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर कधीही नको. त्यातला ॲसिटोन एबीएस प्लास्टिक विरघळवतो, पारदर्शक ओठावर जाळं पडतं.

जैसे_थे

दोघांनाही नमस्कार करून विचारतो: मुळात हात लावायचाच कशाला?

ओठाचा कोन, आतल्या गोळ्यांची जागा, हुकचं वजन हे सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. मागच्या ट्रेबलला पिसं बांधली की मागे ओढ वाढते आणि क्रँकबेटची डुलकी मरते. इपॉक्सीचा जाड थर पाठीवर बसला की गुरुत्वमध्य वर सरकतो, जोरात ओढल्यावर ल्युअर कुशीवर पडतो. वेगळी चाल हवी असेल तर वेगळं मॉडेल घ्या. एका ल्युअरमधून दुसरा काढायच्या नादात दोन्ही जातात.

टोकदार

@जैसे_थे, पिसांबद्दल क्रँकबेटपुरतं मान्य. पण पॉपरला (पाण्याच्या पृष्ठभागावर आवाज करत ओढायचा ल्युअर) हीच ओढ हवी असते. पॉपर थांबला की शेपटीची पिसं हलत राहतात, आणि बास बऱ्याचदा त्या थांब्यातच उडी घेतो. ३-४ सेंमी पिसं पुरतात. त्याहून लांब ठेवली तर मासा पिसं ओढतो आणि हुक चुकतो.

सस्पेंडिंग जर्कबेटचं (झटके देत ओढायचा लांबट ल्युअर) उदाहरण घ्या. तो थांबवल्यावर जागच्या जागी लटकला पाहिजे. डब्यावर "सस्पेंडिंग" लिहिलेलं असलं तरी पाण्यात कधी हळूच वर येतो, कधी बुडतो. दोऱ्याचाही वाटा असतो: फ्लोरोकार्बन बुडतो, वेणीचा दोरा तरंगतो. कारखान्याला तुमचा दोराही ठाऊक नाही, पाणीही नाही. वर येत असेल तर पुढच्या हुकच्या दांड्यावर शिशाच्या तारेचे दोन-तीन वेढे द्या किंवा पोटाला चिकटणारी शिशाची पट्टी लावा. पट्टी पुढच्या हुकजवळ लावली तर नाक किंचित खाली राहतं. बहुतेकदा तेच हवं असतं. बुडत असेल तर बारीक तारेचा हुक किंवा लहान रिंग लावा.

थंडीत हे आणखी जाणवतं. थंड पाणी जड, त्यामुळे ल्युअर वर येतो.

काटा_०.०१

शेवटच्या दोन वाक्यांवर हरकत आहे. हिशोब मांडतो.

पाण्याची घनता २५ अंश सेल्सिअसला सुमारे ०.९९७, ४ अंशाला १.०००. म्हणजे फरक ०.३ टक्के. १४ ग्रॅमच्या जर्कबेटवर उचल वाढली साधारण ०.०४ ग्रॅम. इथवर तुमचं बरोबर. पण एबीएसचं अंगही थंडीत आकसतं. अंशाला लांबीत सुमारे ०.००००८, म्हणजे आकारमानात त्याच्या तिप्पट. २१ अंशांच्या फरकाला हे जवळजवळ ०.५ टक्के होतं, म्हणजे उचल ०.०७ ग्रॅमने कमी. वजाबाकी केली तर प्लास्टिकचा ल्युअर थंडीत वर येण्याऐवजी बुडण्याकडे झुकतो. बाल्सा लाकूड इतकं आकसत नाही, तो मात्र वर येईल.

एबीएसची जात, भिंतीची जाडी यांनी आकडे थोडे हलतील. म्हणून ज्या पाण्यात गरवायचं त्याच तापमानाचं पाणी बादलीत घ्या, ल्युअर १५ मिनिटं त्यात ठेवा, तोच स्नॅप (ल्युअर अडकवायची क्लिप) आणि हातभर तोच दोरा बांधून मग तपासा. घरातल्या नळाखाली जुळवलेला तोल बाहेर टिकेलच असं नाही.

टोकदार

हिशोब मान्य. पट्टी लावायची ती बादलीत बघूनच, एवढं वरच्यात जोडून वाचा.

बिनआवाजी

आवाजाचा मुद्दा राहिलाच. ज्या पाण्यात बासने सगळे खुळखुळे ऐकून झालेत तिथे मी आधी खडखड बंद करायला सांगतो. पोकळीवर २ मिमीचं भोक, सुईने थोडा इपॉक्सी आत, आणि ल्युअर गोळ्या जिथे बसायला हव्यात त्या बाजूला कलंडवून वाळू द्यायचा. भोकही इपॉक्सीनेच बुजवा. मात्र लांब फेकीसाठी गोळ्या मागे सरकणारी रचना असेल तर हे करू नका. गोळ्या मागे चिकटल्या की चाल गेली, पुढे चिकटल्या की फेक गेली.

रंगारी

सगळे रंगाला बगल देताहेत. पाणी गढूळ असताना गडद ल्युअरची आकृती उठून दिसते, स्वच्छ पाण्यात तोच काळा ठोकळा मासा लांबून ओळखतो. हे हुकने सुटत नाही. आणि सॉफ्ट प्लास्टिकची शेपटी शार्ट्रूझ (झगझगीत पिवळसर हिरव्या) रंगात बुडवणारे तर सगळीकडे आहेत, ते काय उगाच?

काटा_०.०१

शार्ट्रूझचं नाव निघालंच आहे तर: इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांचा लार्जमाउथ बासच्या रंगदृष्टीवरचा अभ्यास २०१९ मध्ये 'करंट झूलॉजी'त आला. खाऊच्या बदल्यात ठरावीक रंगावर झडप घालायला मासे शिकवले होते. लाल आणि हिरवा त्यांनी चांगला ओळखला, पण शार्ट्रूझ आणि पांढरा यांत, तसंच निळा आणि काळा यांत ते गोंधळले. डोळ्यात शंकुपेशीच दोन प्रकारच्या, एक लालला आणि एक हिरव्याला संवेदनशील. तेव्हा पांढऱ्या ल्युअरवर शार्ट्रूझ शेपटी काढण्यात तास घालवणाऱ्याने विचार करावा. भोपळी हिरव्या किड्याला (सॉफ्ट प्लास्टिकचा अळीसारखा ल्युअर) शार्ट्रूझ टोक ही वेगळी गोष्ट, तिथे फिकं-गडद हा फरक उरतोच.

रंगारी

म्हणजे लाल आणि हिरवा ओळखतात हे तुम्हीच सांगितलंत. क्रॉफिशच्या (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी) रूपातल्या क्रँकबेटवर पोटाला लाल-नारिंगी मारतो तो मूर्ख नाही तर. शिवाय टाकीतला प्रकाश आणि चहाच्या रंगाचं पाणी एक नव्हे.

जैसे_थे

लाल-नारिंगी क्रँकबेट रंगवलेलाच विकत मिळतो. एवढंच.

नवखा_गळ

ल्युअर बिघडवायची भीती वाटते. कात्रीने होईल असा एखादा बदल सांगा ना.

बिनआवाजी

जिगपासून (शिशाचं डोकं असलेला हुक) सुरुवात करा. नव्या जिगचा स्कर्ट (हुकभोवतीची रबरी दोऱ्यांची झालर) बहुधा फार लांब असतो. ट्रेलर (हुकला मागे टोचायचा सॉफ्ट प्लास्टिकचा तुकडा) लावा, स्कर्ट हुकच्या वळणाच्या ५-६ मिमी मागे संपेल एवढा ठेवा. जिग उलटा लटकवून चार-चार दोरे तिरके कापा. एकाच फटक्यात सरळ कापला तर कडा झाडूसारखी दिसते.

नंतर वीडगार्ड (हुक झाडाझुडपांत अडकू नये म्हणून टोकासमोर असलेला तंतूंचा झुबका). त्याचे तंतू दाट असतील तर मधले एक तृतीयांश मुळाशी कापा, उरलेले दोन्ही बाजूंना फाकवा, उंची हुकच्या टोकाच्या ५ मिमी वर. अंगठ्याने हलकं दाबल्यावर टोक उघडं पडलं पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर अजून दोन-दोन करून काढा. फार काढलेत तर प्रत्येक फांदीला अडकेल, म्हणून एका वेळी दोनच.

आणि डब्यात टाकताना लक्ष ठेवा: ताणले जाणारे टीपीई (रबरासारखं प्लास्टिक) जातीचे ट्रेलर पीव्हीसीच्या किड्यांना चिकटून ठेवू नका. दोन्ही वितळून एक गोळा होतो, आणि डब्याचा तळही सोबत जातो.