टॉस्टिग : तडीपार, हद्दपार की परागंदा? आणि 'भाऊबंदकी' चालेल का?

इंग्लंडच्या १०६६ सालावर थोडं लिहितोय, हेस्टिंग्जची लढाई वगैरे, पण त्यात माझा जीव अडकलाय तो टॉस्टिगमध्ये. त्या साली इंग्लंडचा राजा झालेल्या हॅरल्ड गॉडविन्सनचा सख्खा धाकटा भाऊ, उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रियाचा अर्ल (राजाने नेमलेला प्रांताधिकारी), १०६५ च्या ऑक्टोबरात लोकांनी उठाव करून हाकलला आणि पुढच्या सप्टेंबरात नॉर्वेच्या राजाला घेऊन हा भावावरच चालून आला. मी लिहिलं, 'राजाने भावाला तडीपार केलं.' घरी वाचून दाखवलं तर बायको म्हणे तडीपार म्हटलं की नाक्यावरचा दादा डोळ्यासमोर येतो. मग काय घेऊ, हद्दपार, परागंदा, बहिष्कृत? आणि सगळ्या प्रकाराला भाऊबंदकी म्हटलं तर चालेल ना?

*

वहिनींचं बरोबर आहे. शब्द मुळात वाईट नाही, तड म्हणजे काठ, 'तडीस नेणे' मधली तीच, पण आता तो पोलिसांचा झालाय. तडीपारी म्हणजे एकदोन जिल्ह्यांच्या बाहेर, फार तर दोन वर्षं, आणि पठ्ठ्या तोवर शेजारच्या जिल्ह्यात मावशीकडे जेवतोय. टॉस्टिग बायकोला घेऊन समुद्रापार फ्लँडर्सला गेला, ते तिचं माहेर. हद्दपारच लिहा.

पण तुमची खरी चूक वाक्यात आहे. 'राजाने भावाला' म्हणताय, तेव्हा हॅरल्ड राजा होता कुठे? राजा होता एडवर्ड, म्हणजे यांच्या बहिणीचा, ईडिथचा नवरा. टॉस्टिगला हद्दपार केलं ते दाजींनी! हॅरल्डला मुकुट मिळाला ६ जानेवारी १०६६ ला, एडवर्ड गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

*

दाजींनी तरी कुठे आधी केलं. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल (तिथली जुनी बखर) सरळ सांगतं की नॉर्थम्ब्रियाचे थेन (तिथली जमीनदार मंडळी) यॉर्कमध्ये जमले, त्यांनी आपल्या अर्लला 'उटलाग' ठरवलं, त्याचे हाउसकार्ल कापले, खजिना लुटला आणि त्याच्या जागी मॉर्कर नावाच्या सरदाराला परस्पर बोलावून घेतलं. हाउसकार्ल म्हणजे आपल्याकडच्या हुजुरातीसारखे खास पदरचे शिपाई. राजाने नंतर नाइलाजाने मान डोलावली.

आता हा उटलाग म्हणजे आजच्या इंग्रजीतला आउटलॉ, पण शब्द मूळचा नॉर्स, म्हणजे जुन्या नॉर्वे-डेन्मार्ककडच्या भाषेतला. लाग म्हणजे कायदा, त्याच्या बाहेर टाकलेला. अशा माणसाची मालमत्ता गेली, आणि त्याला कुणी मारलं तर दाद ना फिर्याद, त्याला 'लांडग्याचं डोकं' म्हणायचे. हद्दपार माणूस हद्दीबाहेर सुरक्षित असतो, याला हद्दीत जीवच नाही. ठरवलं लोकांनी म्हणून मला आधी 'वाळीत टाकला' सुचलं होतं, पण वाळीत टाकलेल्याचं पाणी तोडतात, मुंडकं नाही.

आणि लोक उगाच नव्हते पेटले बरं का. गॅमेल आणि उल्फ नावाच्या दोघा जणांना याने अभय देऊन यॉर्कला बोलावलं आणि स्वतःच्या खोलीत मारून टाकलं, वर अख्ख्या मुलखावर जबर पट्टी बसवली.

*

भाऊबंदकीला माझा विरोध. भाऊबंदकीत वाटणी लागते, बांध लागतो, नाहीतर निदान आंब्याचं एखादं झाड. इथे वाटणी कसली? अर्लपद हे वतन नव्हतं, राजा देईल त्याला. १०५५ मध्ये आधीचा अर्ल सीवर्ड वारला, त्याचा मुलगा लहान, म्हणून एडवर्डने ते टॉस्टिगला दिलं. म्हणजे सुभेदारी झाली ती, आणि सुभेदाराची बदली झाली तर तिला भाऊबंदकी म्हणतात का?

टॉस्टिगचं दुखणं वेगळंच होतं. वाटाघाटी करायला गेला हॅरल्ड, आणि परत आला तो बंडवाल्यांचं म्हणणं कबूल करून! दोनच वर्षांपूर्वी, १०६३ मध्ये, दोघांनी मिळून वेल्स झोडपलं होतं, हॅरल्ड समुद्राकडून आणि टॉस्टिग जमिनीवरून. तोच भाऊ आता म्हणतो मॉर्कर राहू दे. टॉस्टिगने भर दरबारात आरोप केला की हे बंड यानेच उठवलं, तर हॅरल्डने शपथ घेऊन हात झटकले. शपथेच्या बाबतीत तो तसा सढळ होता. याला मी 'दावा' म्हणेन, वैर या अर्थाने. भावाने भावावर दावा धरला.

*

पटलं नाही. राघोबादादा १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून बसले ते काय आंब्याच्या झाडासाठी? तरी आपण भाऊबंदकीच म्हणतो, तेही काका-पुतण्याच्या घरात. भाऊबंद शब्दात सगळी भावकी येते आणि गादी ही पण वाटणीच.

*

मग सरळ 'घरभेदी' लिहा की राव.

*

घरभेदी घरात असावा लागतो, याला तर वर्षभर आधीच दाराबाहेर काढलेला. फितूरही नाही, फितुराला शत्रू फोडतो, हा स्वतःच गलबतं घेऊन दारोदार हिंडला. मेमध्ये वाइट बेटावर खंडणी उकळली, मग लिंकनशायरकडे ६० गलबतं नेली, तिथे मार खाल्ला आणि स्कॉटलंडच्या माल्कम राजाकडे पोचला तेव्हा उरली होती १२. तिथून पुढे नॉर्वेच्या राजाच्या, हाराल्ड हार्ड्राडाच्या पदराखाली. या चार-पाच महिन्यांना माझ्या मते एकच शब्द, परागंदा. फारसीत त्याचा अर्थच विखुरलेला.

एक गोष्ट सांगतात, नॉर्स सागातली (साग म्हणजे तिकडची गद्य वीरकथा), दीडशेहून जास्त वर्षांनी लिहिलेली, तेव्हा चिमूटभर मीठ घेऊनच वाचा. यॉर्कजवळ स्टॅम्फर्ड ब्रिजला लढाईआधी इंग्लिश बाजूने एक स्वार आला, म्हणाला टॉस्टिग परत आला तर राज्याचा तिसरा हिस्सा. याने विचारलं, मग हार्ड्राडाला काय? तर म्हणे सात फूट जमीन, उंच आहे तर थोडी जास्त. तो स्वार म्हणजे खुद्द हॅरल्ड. टॉस्टिगने ओळखलं, पण नाव सांगितलं नाही, सांगितलं असतं तर भावाचा जीव गेला असता.

*

मी भाऊबंदकीला विरोध करणारा. तिसरा हिस्सा म्हणजे वाटणी आली! घ्या, माघार घेतो.

*

धागा माझा, तर माझं फायनल : 'नॉर्थम्ब्रियाच्या लोकांनी झुगारलेला, मेव्हण्याने हद्दपार केलेला आणि वर्षभर परागंदा फिरलेला टॉस्टिग २५ सप्टेंबर १०६६ ला स्टॅम्फर्ड ब्रिजला भावाच्या सैन्याशी लढताना पडला.' खांद्यांच्या मधल्या चामखिळीवरून प्रेत ओळखलं आणि यॉर्कला पुरलं असं माम्सबरीचा विल्यम हा जुना इतिहासकार सांगतो, तेही घालतोय.

आता अजून एक शब्द अडलाय. यांचा थोरला भाऊ स्वेन, त्याने १०४९ मध्ये मामेभाऊ ब्योर्नला गोड बोलून नेला आणि मारला, तेव्हा राजाने आणि सगळ्या फौजेने त्याला 'नीथिंग', म्हणजे पार इज्जत गेलेला नराधम, ठरवलं. आठ गलबतांतली सहा सोडून गेली. नुसतं 'नीच' फारच पुचाट वाटतंय.

*

'काळतोंड्या'.