मदत हवी आहे: एपीट्रेसने पकडलेले ओपनजीएल कॉल, आणि लॅबच्या मशीनवर एकमेकांत घुसणारे डोंगर

सह्यकडा

नमस्कार मंडळी. ग्राफिक्समधल्या जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

आमच्या विभागात सह्याद्रीचा भूभाग त्रिमितीत दाखवणारा एक व्ह्यूअर आहे. सी++, खिडकी-बटणांसाठी क्यूटी आणि खाली साधं ओपनजीएल, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला काय काढायचं ते सांगणारे कॉल. आधीच्या बॅचने लिहिला, ती मुलं पास होऊन गेली, आता तो माझ्या गळ्यात पडलाय. उंचीचा डेटा एसआरटीएमचा, म्हणजे २००० साली स्पेस शटलवरच्या रडारने मोजलेला. भूभागाच्या चौकोनी टाइल पाडल्यात. जाळी सगळ्यांना एकच. उंचीचं टेक्स्चर (कार्डात चित्रासारखे भरलेले आकडे) आणि टाइल कुठे मांडायची ते सांगणारं मॅट्रिक्स प्रत्येकीचं वेगळं.

माझ्या लॅपटॉपवर, इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर, चित्र झकास येतं. लॅबमधल्या डेस्कटॉपवर उबुंटू तोच, बायनरी तीच, फक्त ग्राफिक्स कार्ड वेगळं. तिथे नकाशाचा बराचसा भाग रिकामा, आणि जिथे काही दिसतं तिथे एकाच जागी तीन-चार डोंगर एकमेकांत घुसलेले. कॅमेरा फिरवला की लुकलुकतात. कळसूबाईच्या पोटातून रतनगडाचा कडा बाहेर आलेला बघून आधी हसू आलं, आता येत नाही, कारण प्रात्यक्षिक तोंडावर आहे.

लॅबच्या मशीनवर काहीही इन्स्टॉल करायला मनाई आहे. कंपायलर नाही, डीबगर नाही. पेनड्राइव्हवरून बायनरी तेवढी चालवता येते. म्हणून एपीट्रेस वापरून बघावं म्हटलं: कॉल पकडायचे आणि दुसरीकडे परत चालवून बघायचे. पण पहिल्याच पायरीवर गाडी अडली आहे. लॅपटॉपवर "एपीट्रेस ट्रेस" आणि पुढे आमच्या बायनरीचं नाव दिलं की व्ह्यूअर उघडतो, छान चालतो, बंद होतो, आणि ट्रेस फाइलच तयार होत नाही. एररही नाही. काय चुकतंय?

खडूफळा

ड्रायव्हर अपडेट करून बघितला का? निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

सह्यकडा

इन्स्टॉल करायला मनाई आहे हो, वर लिहिलंय. ड्रायव्हर तर लांबची गोष्ट.

टर्मिनलवाला

वेलँड सेशनमध्ये आहात का, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्सऐवजी आलेली नवी व्यवस्था? बहुतेक तेच असणार.

लिनक्सवर एपीट्रेस काय करतं, तर एलडी-प्रीलोडच्या (अमुक लायब्ररी आधी चढव असं सांगायची सोय) वाटेने स्वतःची लायब्ररी प्रोग्रॅम आणि खऱ्या ओपनजीएलच्या मधे बसवतं. प्रत्येक कॉल आधी तिच्या हातात येतो. ती तो फाइलमध्ये उतरवते, मग पुढे पाठवते. पण ओपनजीएलला खिडकीशी जोडायच्या वाटा दोन, एक्सची जीएलएक्स आणि दुसरी ईजीएल, म्हणून अशा लायब्रऱ्याही दोन आहेत. काही सांगितलं नाही तर जीएलएक्सवाली बसते. वेलँडवर क्यूटी ईजीएलने कॉन्टेक्स्ट (ओपनजीएलची सगळी स्थिती ठेवणारी जागा) बनवतं, म्हणजे दारात पहारेकरी बसवला आणि माणसं मागच्या दाराने गेली. तुमच्या फाइलला कोणी हातच लावला नाही.

दोन उपाय. ट्रेस करताना एपीआयच्या पर्यायात ईजीएल द्या. किंवा क्यूटीच्या प्लॅटफॉर्मचं एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल एक्ससीबी (म्हणजे एक्सची वाट) करून चालवा, मग ते मुकाट्याने जीएलएक्सवर येतं. तुमच्यासाठी मी दुसरा सुचवीन. दोन्ही मशीनवर वाट एकच राहील.

आणि हो, व्ह्यूअर स्नॅप किंवा फ्लॅटपॅकसारख्या बंदिस्त पॅकेजमधून चालवत असाल तर प्रीलोड सँडबॉक्सच्या आत पोचत नाही. नुसती बायनरी असेल तर चिंता नाही.

रात्रपाळी

लुकलुकणं म्हणजे डेप्थ बफरची (काय पुढे, काय मागे हे ठरवणारे आकडे) अचूकता कमी पडतेय. कॅमेऱ्याचं जवळचं प्रतल (त्याच्या अलीकडचं काही काढलं जात नाही) फार जवळ ठेवलं असेल. ०.०१ असेल तर १ किंवा १० करा. भूभागाच्या व्ह्यूअरमध्ये हे हमखास होतं.

बाकी एपीट्रेसपेक्षा रेंडरडॉक वापरा ना, एक फ्रेम पकडली की सगळं समोर मांडून मिळतं.

सह्यकडा

टर्मिनलवाला, वेलँडच होतं! एक्ससीबी केल्यावर ट्रेस झाला. मनापासून आभार.

रात्रपाळी, प्रतल १० करून झालं, फरक शून्य. शिवाय त्याने लुकलुकणं समजेल, पण रिकाम्या जागेचं काय? रेंडरडॉक आधीच बघितलं होतं. ते ओपनजीएलचं ३.२ किंवा पुढचं कोअर प्रोफाइल, म्हणजे जुने कॉल वगळलेलं रूप, मागतं. आमच्याकडे कोपऱ्यातलं होकायंत्र आणि सूची अजून जुन्या जीएल-बिगिन, जीएल-एंड कॉलने काढलेली आहेत. ते सगळं नव्याने लिहायचं तर प्रात्यक्षिक पुढच्या वर्षी.

आता पुढचा प्रश्न. ट्रेस फाइल ३ जीबीच्या वर गेली. लॅपटॉपवर रिप्ले केली तर चित्र अगदी बरोबर. मग यातून कळलं काय? बरोबर चालतं ते बरोबर चालतं, एवढंच ना?

टर्मिनलवाला

एवढ्यावर सोडू नका. खरी गंमत फाइल एका मशीनवरून दुसऱ्यावर नेण्यात आहे.

ट्रेस म्हणजे व्हिडिओ नाही. त्यात तयार चित्राचे पिक्सेल नाहीत, हुकूम आहेत: हा बफर बनव, त्यात हे बाइट भर, हा शेडर (कार्डावर चालणारा छोटा प्रोग्रॅम) लाव, इथून इथपर्यंत काढ. रिप्लेच्या वेळी तेच हुकूम त्या मशीनच्या ड्रायव्हरला नव्याने दिले जातात. तुमचा व्ह्यूअर, क्यूटी, डेटाच्या फाइली, काही लागत नाही. तेव्हा लॅपटॉपवर पकडलेला ट्रेस पेनड्राइव्हवरून लॅबच्या मशीनवर न्या, एपीट्रेसची बायनरीही त्यातच ठेवा, आणि तिथे रिप्ले करा.

तिथे चित्र बिघडलं, तर हुकूम अगदी तेच असताना ड्रायव्हरने वेगळं वागून दाखवलं. मग एक तर ड्रायव्हरमध्ये खोट आहे, नाहीतर त्या हुकुमांत असं काहीतरी आहे जे तुमच्या लॅपटॉपच्या कार्डाला चालतं आणि त्या कार्डाला चालत नाही. माझ्या अनुभवात दुसरंच जास्त वेळा निघतं, पण माणूस संशय मात्र आधी ड्रायव्हरवर घेतो.

तिथेही चित्र बरोबर आलं, तर उलटं करा: लॅबमध्ये ट्रेस पकडा आणि लॅपटॉपवर चालवा. लॅपटॉपवर बिघडलेलं चित्र आलं तर व्ह्यूअर त्या मशीनवर मुळात वेगळेच हुकूम देतोय, कार्डाच्या क्षमता विचारून कुठेतरी वेगळ्या फांदीत शिरतोय. चारही बाजूंनी बरोबर आलं तर मामला वेळेचा किंवा थ्रेडचा. ट्रेसमध्ये सगळ्या थ्रेडचे कॉल एका ओळीत उभे राहतात आणि रिप्लेचा वेगही वेगळा असतो, त्यामुळे शर्यतीचे दोष त्यात गुपचूप बुजून जातात. तो दिवस तुमच्यावर न येवो.

३ जीबीचं काय घेऊन बसलात. चालू करा, एक दृश्य दिसलं की बंद करा. दोष पहिल्या फ्रेमपासून आहे ना? तेवढंच पुरे. आधीच्या मोठ्या फाइलमधून ट्रिमने मधली फ्रेम कापायला जाऊ नका. साधं ट्रिम सांगितलेले कॉलच ठेवतं, सुरुवातीला भरलेली टेक्स्चर आणि शेडर गळून जातात, मग रिप्लेला काळा पडदा. नव्या आवृत्त्यांत जीएलट्रिम आहे, ते फ्रेमला लागणारं आधीचं सामान बरोबर घ्यायचा प्रयत्न करतं, पण तुम्हाला त्याची गरज नाही. आकार अजून उतरवायचा तर रिपॅक करताना ब्रॉटली कॉम्प्रेशन निवडा.

रिप्ले करताना टर्मिनलवर काय छापून येतं तिकडे लक्ष ठेवा. बेंचमार्कचा पर्याय देऊ नका, त्यात एरर तपासणं बंद होतं.

पाटीपेन्सिल

अवांतर पण महत्त्वाचं: ती फाइल इथे सगळ्यांसाठी चढवू नका. ट्रेसमध्ये टेक्स्चर जसंच्या तसं आणि शेडरचा मूळ मजकूर असतो. विभागाने परवाना घेऊन आणलेली उपग्रह चित्रं असतील तर ती कोणीही त्यातून बाहेर काढू शकेल.

सह्यकडा

हे लक्षात नव्हतं आलं, बरं झालं सांगितलंत. उपग्रह चित्रं आहेतच.

तर लॅबमधून आत्ताच आले. लॅपटॉपवरचा छोटा ट्रेस तिथे रिप्ले केला आणि डोंगर तस्सेच एकमेकांत घुसले. म्हणजे पहिला प्रकार. आणि टर्मिनलवर इशाऱ्यांचा नुसता पाऊस. प्रत्येक ओळीत कॉलचा क्रमांक आणि पुढे असं:

इशारा: जीएल-गेट-एरर (जीएल-बाइंड-बफर-रेंज) = जीएल-इनव्हॅलिड-व्हॅल्यू

लॅपटॉपवर याच फाइलला यातली एकही ओळ येत नाही. ट्रेसचा डंप काढून ते क्रमांक शोधले. प्रत्येक टाइल काढण्याआधी हा कॉल आहे, बफर एकच, आकार ६४, आणि ऑफसेट (बफरच्या सुरुवातीपासूनचं अंतर, बाइटमध्ये) ०, ६४, १२८, १९२, २५६, ३२० असा चढत जातो. विचित्र म्हणजे इशारा प्रत्येक कॉलला नाही. ० ला नाही, मग ओळीने तिघांना आहे, २५६ ला नाही, परत तिघांना आहे. आता चित्र नीट बघितलं तर दर चौथी टाइल आपल्या जागी आहे आणि तिच्यानंतरच्या तिघी तिच्याच डोक्यावर बसल्यात!

आकडेमोड

एवढा वेळ नुसता वाचत होतो, पण "दर चौथी" वाचून राहवलं नाही.

४ गुणिले ६४ किती? २५६. ऑफसेट २५६ च्या पटीत आला की त्या कार्डाला चालतो, नाहीतर नाही.

युनिफॉर्म बफरचा (शेडरला मॅट्रिक्ससारखे आकडे पुरवणारा बफर) तुकडा बांधताना ऑफसेट एका ठरावीक आकड्याच्या पटीत लागतो. तो आकडा प्रत्येक ड्रायव्हर आपापला सांगतो, नाव जीएल-युनिफॉर्म-बफर-ऑफसेट-अलाइनमेंट. ओपनजीएलच्या प्रमाणानुसार तो २५६ पर्यंत असू शकतो, त्याहून मोठा नाही. तुमच्या लॅपटॉपचा ६४ किंवा त्याहून लहान असणार, लॅबच्या कार्डाचा २५६. चार बाय चारचं फ्लोट मॅट्रिक्स म्हणजे १६ आकडे, दर आकड्याला ४ बाइट, एकूण ६४. ज्याने लिहिलं त्याने मॅट्रिक्स एकाला एक चिकटवून ठेवली आणि त्याच्या मशीनवर ते चाललं.

आता डोंगर का घुसतात तेही यातच आहे. ओपनजीएलमध्ये कॉल चुकला तर तो सोडून दिला जातो आणि आधीची स्थिती तशीच राहते. ६४ वरची बांधणी नाकारली गेली, तेव्हा ० वरचंच मॅट्रिक्स लागून राहिलं. पुढची टाइल स्वतःचं उंचीचं टेक्स्चर घेऊन पहिलीच्या जागेवर काढली गेली. असे चार डोंगर एका जागी आणि तीन जागा रिकाम्या. लुकलुकणं म्हणजे त्या चौघांची डेप्थ बफरमधली मारामारी. रात्रपाळींचं निदान तेवढ्यापुरतं बरोबर होतं.

खात्री करायची असेल तर क्यूएपीट्रेसमध्ये (एपीट्रेसचा खिडकीवाला अवतार) तीच फाइल लॅबच्या मशीनवर उघडा, इशारा आलेल्या कॉलच्या पुढच्या ड्रॉ कॉलवर उजवं क्लिक करून त्या क्षणाची स्टेट मागवा. बांधलेला ऑफसेट जुनाच दिसेल.

रात्रपाळी

+१. तेवढ्यापुरतं तर तेवढ्यापुरतं. :)

सह्यकडा

स्टेट बघितली. १९२ च्या कॉलनंतरही ऑफसेट ० च. आकडेमोड, दंडवत घ्या.

दुरुस्ती करायला बसलेय. ड्रायव्हरला तो आकडा विचारून मॅट्रिक्समधलं अंतर तेवढं वाढवायचं, की सरळ २५६ ठेवून द्यायचं? दर टाइलमागे १९२ बाइट फुकट जातील.

आकडेमोड

९०० टाइल धरल्या तरी सगळा बफर मिळून सव्वादोनशे केबी. एखादं टेक्स्चरसुद्धा याहून मोठं असतं, सोडून द्या.

मी सरळ २५६ ठेवीन. प्रमाणाने वरची मर्यादाच तेवढी घालून दिली आहे, त्यामुळे ते सगळीकडे चालतं आणि सगळ्या मशीनवर बफरची मांडणी एकच राहते. पुढे कधी ट्रेस या मशीनवरून त्या मशीनवर न्यायचा झाला तर हेच बरं. विचारून ठरवलंत तर लॅपटॉपवर पकडलेल्या ट्रेसमध्ये लॅपटॉपचेच ऑफसेट कायमचे उतरतील, आणि दुरुस्त केलेला व्ह्यूअरसुद्धा लॅबमध्ये रिप्ले करताना मोडलेला दिसेल. मग परत इथे नवा धागा.

सह्यकडा

हे डोक्यातच आलं नसतं. २५६ करते.

एक शेवटचं. लॅबचं मशीन रोज मिळत नाही. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर रेंडररने, म्हणजे कार्डाऐवजी प्रोसेसरवर चित्र काढून, रिप्ले करून असे दोष आधीच पकडता येतील का?

टर्मिनलवाला

हा नाही सापडणार. लिबजीएल-ऑल्वेज-सॉफ्टवेअर १ केलं की मेसा (लिनक्सवरचे ओपनजीएल ड्रायव्हर) एलएलव्हीएमपाइप या सॉफ्टवेअर रेंडररवर जातं, पण त्याची अलाइनमेंटची अट सैल असते, ६४ ला ते कुरकुरत नाही. ड्रायव्हर बदलला की चित्र बदलतं का, एवढं बघायला ते उत्तम, पण सर्वांत कडक कार्डाचं सोंग ते घेत नाही. त्यापेक्षा बांधणीचं जे फंक्शन आहे त्यातच ऑफसेटला २५६ ने भाग जातो का ते तपासणारा असर्ट घाला, आणि डीबग बिल्डमध्ये डीबग कॉन्टेक्स्ट मागून ड्रायव्हरचे संदेश लॉगमध्ये पडू द्या. आत्ताच्या कोडमध्ये एरर झाली का ते विचारणारा जीएल-गेट-एरर कॉल कुठेच नसणार, पैजेवर सांगतो.

सह्यकडा

ग्रेप करून, म्हणजे सगळ्या कोडमध्ये शोधून, बघितलं. एकदाही नाही.