बाबाले स्वादुपिंडाचा कॅन्सर, डॉक्टर म्हणतात आत्ता ऑपरेशन नाही, आधी किमो. काही फायदा होते का?

वणीकर
राजेहो, बाबा ५८ वर्षाचे. डोळे पिवळे झाले, अंगाले खाज सुटली, पण पोट दुखत नव्हतं म्हणून गावात काविळीचं झाडपाल्याचं औषध चालू होतं, वजन मात्र उतरतच गेलं. मंग सीटी केला तं स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ, रक्तनळीले लागून. नातेवाईक म्हणून राह्यले का या कॅन्सरात कोणी वाचत नाही, वावर विकू नका, घरीच ठेवा. कोणी यातून गेलं असन तं खरं खरं सांगा.

सिस्टर_नागपूर
भाऊ, मी कॅन्सर वॉर्डात काम करते. आजार वाईट आहे, खोटा धीर देणार नाही. अमेरिकेचे आकडे पाहिले तर सगळ्या स्टेज मिळून पाच वर्षं जगणारे आज १३ टक्क्यांच्या आसपास आहेत, १९७० च्या दशकात ३ होते. पण त्यात लिव्हरमध्ये पसरलेलेही धरले आहेत, तुमच्या बाबांचं तसं नाही ना? रिपोर्टमध्ये 'बॉर्डरलाइन' (नळीला थोडी लागलेली, ऑपरेशन जमू शकतं) लिहिलंय की 'लोकली अ‍ॅडव्हान्स्ड' (नळीला जास्त वेढलेली, ऑपरेशन अवघड) ते विचारा. नळीला लागलेली गाठ असली की हल्ली आधी किमो देतात आणि परत सीटी करून बघतात, काहींचं ऑपरेशन नंतर होतं. फोलफिरिनॉक्स म्हणून चार औषधांची किमो आहे, २०११ च्या अभ्यासात पसरलेल्या कॅन्सरमध्येही अर्धे पेशंट ११ महिन्यांच्या पुढे गेले, जेमसिटाबिन या जुन्या किमोवर हेच ७ च्या आत होतं. २०१८ मध्ये ऑपरेशननंतर हीच किमो थोडी बदलून दिली तर अर्धे पेशंट ५४ महिन्यांच्या पुढे गेले, जेमसिटाबिनवर ३५. किमो जड आहे, अंगात ताकद लागते. म्हणून आधी स्टेंट (पित्ताची अडलेली नळी उघडी ठेवणारी छोटी नळी) टाकून कावीळ उतरवा, आणि झाडपाला आजच बंद करा हो.

वणीकर
नाही ताई, लिव्हर साफ आहे म्हणे. बॉर्डरलाइनच लिहिलं आहे.

पुसदची_सून
दादा मग घरी ठेवू नका. आमच्या सासऱ्यांना हेच होतं, जेवले की तेलकट संडास व्हायची आणि आम्ही तेल-तूप बंद करून बसलो, ते अजूनच वाळले, नंतर डॉक्टरांनी जेवणासोबत घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या तेव्हा अन्न अंगी लागलं. या कॅप्सूलचं नक्की विचारा, कोणी आपणहून सांगत नाही. रक्तातली साखर पण तपासत राहा, स्वादुपिंड बिघडलं की ती वाढू शकते.

शेतकरी_आर्णी
वावर विकाच्या आधी महात्मा फुले योजनेचं पाहा भाऊ, दवाखान्यात आरोग्यमित्र बसते त्याले भेटा, राशन कार्ड अन् आधार संग ठेवजो. नागपूरले राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याले एनसीआय हे कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, मुंबईले टाटा. ऑपरेशनची पाळी आली तं डॉक्टरले सरळ विचारजा का व्हिपल (स्वादुपिंडाच्या डोक्याची गाठ काढाचं मोठं ऑपरेशन) वर्षाले किती करता, जिथं जास्त होतात तिथंच करा.

सिस्टर_नागपूर
हे बरोबर सांगितलं. आणि एक, बीआरसीए जीनची टेस्ट होते का विचारा, त्या जीनमधला बिघाड थोड्याच लोकांत सापडतो पण सापडला तर औषध बदलतं. सीटीची सीडी घेऊन या, नुसता कागद नको.