वाड्याच्या तुळईची इलेक्ट्रिक गिटार करायचीये, नेकसकट घरीच. नाशकात कोणी केलंय का?

गच्चीवरचा_सुतार

नमस्कार मंडळी. आमचा जुन्या नाशकातला वाडा दिवाळीनंतर उतरवला. त्यातली सागाची एक तुळई मी सगळ्यांशी भांडून ठेवून घेतलीये, सात इंच बाय पाच इंच, लांबी चार फूट भरेल. सध्या सिडकोत आमच्या गच्चीवर पत्र्याखाली पडून आहे आणि आई रोज विचारते हे ओंडकं कधी जाणार.

मला त्याची गिटार करायचीये. किट नाही, बॉडी, नेक (मान), नेकवरचे फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) सगळं स्वतः, फक्त पिकअप (तारांचा आवाज पकडतात ते), ट्यूनर (तार पिळायच्या खुंट्या), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो) विकत. डोक्यात किडा सोडला तो ब्रायन मे या इंग्लिश गिटारवाल्याने. १९६३ मध्ये पोरगा शाळेत असताना बापाला सोबत घेऊन घरीच गिटार करायला बसला, नेक जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीचा, ट्रेमोलोच्या (दांडी दाबून स्वर हलवतात त्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या, ट्रेमोलोच्या दांडीचं टोक म्हणजे आईची विणायची सुई. आणि तीच गिटार घेऊन पुढे क्वीन बँडमध्ये आयुष्यभर वाजवली. मग आमच्या तुळईनं काय पाप केलंय?

माझ्याकडे ड्रिल आहे, जिगसॉ आहे, आजोबांचा रंधा आणि दोन पटाश्या आहेत. राउटर (लाकडात खाचा कोरायचं मशीन) घ्यावा लागेल असं दिसतंय. साग चालतो का, फार जड होईल का, आणि फ्रेटची मापं नक्की कशी काढतात ते कोणीतरी नीट सांगा, यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच बोलतो.

करवतकाठी

साग चालतो, वजनाचा विचार करून ठेव फक्त. स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीची गिटार) आकाराची, अल्डर या हलक्या लाकडाची बॉडी दोन किलोच्या आसपास असते, तीच सागाची अडीच-पावणेतीनवर जाते. दोन तास उभं राहून वाजवलंस की खांदा बोलायला लागतो. एकतर जाडी ४४ मिमी न ठेवता ४० ठेव, नाहीतर आतून पोकळ कप्पे कोरून वरून पातळ फळी चिकटव.

पण आधी एक सांगते. जुनं लाकूड म्हणजे वाळलेलं लाकूड हे डोक्यातून काढ. तुळईचं जे टोक भिंतीत गेलेलं असतं तिथं वर्षानुवर्षं ओल मुरलेली असते, कधी वाळवीपण. ते टोक फूटभर कापून बाजूला टाक, मोह नको. उरलेल्या तीन फुटांत बॉडी आणि नेक दोन्ही निघतात. वखारीत नेऊन चिरून आण, हाताने चिरत बसू नकोस. पाच इंचाच्या जाडीतून ४७ मिमीच्या दोन फळ्या काढल्या की पंचवीसेक मिमीची तिसरी उरते. दोन जाड फळ्या शेजारी शेजारी चिकटवल्या की चौदा इंच रुंदी झाली, बॉडीला पुरून उरते. तिसरी नेकला. चिरायला देताना वखारवाल्याला सांग की आत खिळे असू शकतात, नाहीतर पातं गेलं की तुझ्याकडूनच पैसे घेईल आणि बरोबरच आहे त्याचं.

चिरलं की लगेच कामाला लागू नको. फळ्या घरात सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचून ठेव आणि दर रविवारी वजन कर. काटा तीन-चार आठवडे हलला नाही म्हणजे लाकूड तयार. मॉइश्चर मीटर असेल तर ८ ते १२ टक्क्यांत यायला हवं. आणि पावसाळ्यात चिकटवाचिकटवी नकोच.

सागात तेल असतं त्यामुळे साधं फेविकॉल धरत नाही अशी ओरड असते, पण रंधा मारून ताज्या केलेल्या कडेवर थिनर फिरवून, ते उडालं की लगेच फेविकॉल लावून शिकंजे आवळलेस तर धरतं. काल रंधलेली कड आज चिकटवली तर मग बोलायला नको. आणि मास्क लाव, सागाचा भुसा छातीत गेला की चार दिवस खोकशील.

बंड्या_बेसवाला

भावा मनावर घेऊ नको पण नेक विकत घे. बॉडी म्हणजे शेवटी एक फळी असते, दोन मिमी इकडं तिकडं झालं तरी कोणाला कळत नाही. नेक म्हणजे खरं वाद्य. ती चुकली तर वाड्याची तुळई काय आणि चंदनाचं खोड काय, भिंतीवर टांगायचं शोपीस. पहिल्या गिटारीला तयार नेक लाव, दुसरीला स्वतः कर. मी तसंच केलं. दुसरी अजून केली नाही तो भाग वेगळा.

टूलरूम_सातपूर

बंड्याभाऊ तुमचं एका अर्थी बरोबर आहे, पण ह्याला नेक करायचीच खाज आहे ते दिसतंय, आणि खरं सांगू का, नेक अवघड आहे ती सुतारकामामुळे नाही, मोजमापामुळे. मी बावीस वर्षं टूलरूममध्ये काढली, लाकडातलं मला शून्य कळत होतं, तरी जमलं. पहिली वाया घालवून जमलं, ते सांगतो.

फेंडरचं स्केल साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४७.७ मिमी. गिब्सन या दुसऱ्या कंपनीचं पावणेपंचवीस धरतात. स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजच्या सॅडलपर्यंतचं (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते तो तुकडा) अंतर. त्याला १७.८१७ ने भागायचं, येतं ३६.३५, तो पहिला फ्रेट. उरलेल्या अंतराला परत १७.८१७ ने भागायचं, तो दुसरा, असं करत जायचं. हा आकडा आकाशातून पडलेला नाही, बारा पायऱ्यांत तार बरोबर निम्मी व्हायला हवी त्यातून तो निघतो. म्हणून बारावा फ्रेट ३२३.८५ वर आलाच पाहिजे, नाही आला तर हिशोब चुकला, पुढे जाऊ नका.

आता महत्त्वाचं. हिशोब असा टप्प्याटप्प्याने करा, पण लाकडावर खूण करताना प्रत्येक खूण नटपासूनच मोजा. पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असं मोजलंत तर दर वेळी पाव मिमीची चूक साठत जाते आणि बाविसाव्या फ्रेटला पोचेपर्यंत पाच मिमीचा खड्डा. आमच्याकडे नवीन पोरगा ड्रॉइंग वाचायला शिकतो तेव्हा पहिली शिवी ह्याच्यावरून खातो. दुसरा फ्रेट नटपासून ७०.६६, पाचवा १६२.४७, सातवा २१५.४१, बाविसावा ४६५.९५. तुमचा हिशोब ह्याच्याशी ताडून बघा.

माझी पहिली कशी गेली? मी शहाणपणा करून फ्रेटच्या खुणांच्या टेम्प्लेटची पीडीएफ आणली, झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढली, चिकटवली, बावीस खाचा पाडल्या, एकदम देखण्या. ब्रिज मात्र हाताने मोजून ६४७.७ ला बसवला. तार लावली, बारावा फ्रेट दाबला तर स्वर जवळजवळ अर्धा सेमीटोन उतरलेला. दोन दिवस सॅडल पुढं-मागं करत बसलो. मग स्टीलची पट्टी लावली तेव्हा उजेड पडला, प्रिंटरने पान कागदात बसवायला चित्र ९७ टक्क्यांवर छापलं होतं. आता गंमत बघा, साडेपंचवीसचे ९७ टक्के म्हणजे जवळजवळ पावणेपंचवीसच. फेंडरच्या जागी गिब्सनचं स्केल करून बसलो होतो! ब्रिज १९ मिमी पुढे घेतला आणि गिटार सुरात आली. जुनी भोकं झाकायला पितळेची पट्टी मारली, लोक विचारतात डिझाइन कुठून घेतली.

तेव्हा प्रिंट काढलीत तरी आधी पट्टी लावा. आणि ब्रिजची भोकं सगळ्यात शेवटी, नेक बॉडीला बोल्टने आवळून झाल्यावर. नटपासून शेवटपर्यंत दोरा ताणून मधली रेषा बघायची. जाड ईची (सगळ्यात जाड तार) सॅडल बारीक ईपेक्षा (सगळ्यात बारीक तार) दोन-तीन मिमी मागे बसते, तेवढी सरकायला जागा ठेवा.

खाच साधारण ०.६ मिमी रुंद लागते, फ्रेटवायरचा पाय तेवढ्यात घट्ट बसतो. घरची करवत एवढी बारीक नसते, फ्रेटची करवत वेगळी मिळते, तिथं कंजुषी नको.

गच्चीवरचा_सुतार

बापरे काका, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. ताई, टोक कापायचं ऐकून जीवावर आलं पण बघितलं तर खरंच काळं पडलंय. अजून दोन शंका. सागाची नेक वाकेल का? आणि फ्रेटबोर्ड (नेकवरची फळी, जिच्यात फ्रेट बसतात) कशाचा करू?

करवतकाठी

वाकायला बघणारच. दहा-शेहेचाळीस जाडीच्या (इंचाचे हजारावे भाग) सहा तारा मिळून पंचेचाळीस किलोच्या वर ओढतात, म्हणजे सिमेंटच्या गोणीला थोडंसंच कमी, तेही रात्रंदिवस. म्हणून आत ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक सरळ करायची धातूची सळई. दोन्हीकडे फिरणारा घे, ६ मिमी रुंदीची खाच लागते, आणि ती खाच फळी चौकोनी असतानाच राउटरने पाड, एकदा मागची गोलाई काढलीस की मग धरायला सरळ कड राहत नाही. तिसऱ्या फळीच्या तीन पट्ट्या काढून मधली उलटी फिरवून चिकटव, म्हणजे एक एकीकडे वाकायला लागली की दुसरी तिला अडवते. राउटर एका दमात खोल घालू नकोस, तीन-चार मिमी करत जा.

फ्रेटबोर्डला शिसव. जगभरच्या गिटारींना आपल्याकडचंच शिसव जातं आणि आपण बाहेरून मेपल शोधत बसतो. कोणाकडे जुनं शिसवी कपाट मोडीत निघालं असेल तर त्याची फळी बघ, अर्धा मीटर लांब, सत्तर मिमी रुंद आणि रंधून सहा मिमी जाड राहील एवढी मिळाली तरी काम झालं.

डीमायनर

वायरिंगचं कोणी बोललं नाही म्हणून. पिकअप सिंगल कॉइल (एका गुंडाळीचा) असेल तर २५०के ओहमचे पॉट (आवाज-टोनची फिरती बटणं), हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) असेल तर ५००के, टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कोरलेल्या खड्ड्यांना आतून तांब्याची टेप लावून ती ग्राउंडला जोड आणि ब्रिजखालून ग्राउंडची वायर न्यायला विसरू नकोस, विसरलास तर तारांना हात लावला तरी घूंsss थांबत नाही. घरात अर्थिंग आहे का तेही बघ, आमच्याकडे सहा महिने गिटारला शिव्या दिल्या आणि दोष बोर्डातल्या तिसऱ्या पिनचा निघाला. पॉट एकदम सगळे लागत असतील तर पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला जा, लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार करून संध्याकाळी परत.

गच्चीवरचा_सुतार

अपडेट. काल टोक कापलं आणि आकार कागदावर काढून तुळईवर ठेवून बघितला. एक लोचा आहे. झोपाळ्याची कडी जिथं होती तिथं दीड इंचाचं भोक आहे आणि ते नेमकं ब्रिजखाली येतंय. आई म्हणते ते बुजवू नको. (ओंडकं कधी जाणार हे विचारणं बंद झालंय.)

बंड्या_बेसवाला

आकार उलटा फिरवून ठेव ना, टोकाकडचं डोकं इकडं. भोक पॉटच्या खड्ड्यात जाईल नाहीतर नेकजवळच्या पिकअपखाली.

टूलरूम_सातपूर

किंवा बॉडीच्या वरच्या शिंगात (नेकशेजारच्या टोकात) आलं तर तसंच आरपार राहू द्या, तिथं ताण नसतो. ब्रिजखाली मात्र नको, स्क्रूला धरायला लाकूड पाहिजे. पण चिरायला नेण्याआधी त्या भोकात चुंबक घालून बघा.

गच्चीवरचा_सुतार

घातला. चिकटला. आत कडीचा पाय तुटून राहिलाय बहुतेक.

टूलरूम_सातपूर

मग वखारीत नेऊ नका अजून. शनिवारी मला सुट्टी असते, रिक्षात टाकून सातपूरला आणा, आधी ते लोखंड काढू.