आई-बाबांसोबत चार देश: भाड्याची गाडी की रेल्वे?

लोहमार्गी

"आई-बाबांना युरोप दाखवायचाय, चौघं आहोत, म्युनिकला उतरलो की गाडी भाड्याने घेतो." दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर हा बेत कुणाकडून तरी ऐकू येतो. म्युनिक, साल्झबुर्ग, व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, बुडापेस्ट असा मार्ग असेल तर माझा सल्ला एकच: गाडी घेऊ नका.

म्युनिकहून साल्झबुर्गवरून व्हिएन्नाला थेट रेलजेट (ऑस्ट्रियन रेल्वेची वेगवान गाडी) जाते, साधारण चार तासांत. व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. ब्रातिस्लावा जरा बाजूला आहे, पण व्हिएन्नाहून तासाभरावर. तिथे सामान न्यायचंच कशाला? सकाळी जा, किल्ला आणि जुनं शहर बघा, जेवायला परत या.

आपल्याकडे आधी ठिकाणांची यादी होते आणि मग ती कशी जोडायची याचा विचार. परदेशात रेल्वेने फिरायचं तर हे उलटं करावं लागतं. आधी जंक्शनची शहरं निवडा, तिथे तीन-चार रात्री राहा आणि बाकीचं एका दिवसात जाऊन-येऊन बघा. साल्झबुर्गला मुक्काम ठेवून तळ्याकाठचं हालस्टाट गाव, व्हिएन्नाहून मठासाठी प्रसिद्ध मेल्क आणि ब्रातिस्लावा. बॅगा फक्त शहर बदलताना उचलायच्या.

गाडीचा खर्च लोक रोजच्या भाड्यावर मोजतात. म्युनिकला घेतलेली गाडी बुडापेस्टला सोडायची तर परदेशी सोडण्याचं वेगळं शुल्क, आणि ते बऱ्याचदा डोळे पांढरे करणारं असतं. ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरीच्या महामार्गांसाठी तीन वेगळी विनेट, म्हणजे ठरावीक मुदतीचे टोल-पास. व्हिएन्नात 2022 पासून जवळजवळ सगळ्या शहरात रस्त्यावरचं पार्किंग सशुल्क आहे, आणि आठवड्याच्या दिवसांत बाहेरच्याला एका जागी दोनच तास. म्हणजे हॉटेलच्या गॅरेजचे पैसे रोज भरा आणि फिरायला मेट्रोच घ्या.

घाटवाट

पूर्ण असहमत. हा मार्ग तुम्ही रेल्वेला सोयीचा म्हणूनच निवडलाय. आल्प्स बघायला गेलेला माणूस फक्त राजधान्या बघून परत येणार का?

ऑस्ट्रियातल्या सर्वांत उंच डोंगराजवळचा, ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता 1935 साली खुला झाला. 48 किलोमीटर, वर अडीच हजार मीटरपर्यंत, आणि जेमतेम मे ते ऑक्टोबर उघडा. तिथे बस जाते, पण मोजकी. सह्याद्रीतले घाट पालथे घातलेल्या बाबांना तो रस्ता हवं तिथे थांबत दाखवायचा असेल, तर वेळापत्रक हातात धरून ते जमत नाही.

हालस्टाटचंच घ्या. साल्झबुर्गहून गाडीने सव्वा तास. रेल्वेने दोन तासांच्या वर, मध्ये आटनांग-पुखहाइमला गाडी बदला, आणि स्टेशन तळ्याच्या दुसऱ्या काठावर, तिथून बोट! सत्तरीच्या माणसाला हे करायला लावायचं? आईला मध्येच बाथरूमला जायचं असेल, औषधाची वेळ झाली, डबा खायचा असेल, तर गाडी कुठेही थांबते.

साठीनंतर

घाटवाट, तुम्ही आमच्या वयाचं कारण पुढे केलंत म्हणून लिहिते. मी सत्तरीच्या जवळ आहे, गुडघे दोन्ही दुखतात. या भागात मी मुलासोबत गाडीनेही फिरले आहे आणि नंतर रेल्वेनेही.

बाथरूम रेलजेटच्या डब्यातच असतं, महामार्गावर पुढच्या थांब्याची वाट बघावी लागते. मागच्या सीटवर दोन तास पाय दुमडून बसण्यापेक्षा डब्यातून फेरी मारणं गुडघ्यांना फार बरं. जिन्यांची भीती मलाही होती. म्युनिक आणि बुडापेस्टचं केलेती ही शेवटची स्टेशनं, रूळ तिथेच संपतात, त्यामुळे मुख्य फलाटांवर पूल चढायचा नाही, सरळ चालत बाहेर. व्हिएन्नाला लिफ्ट आहेत. त्रास होतो तो लहान स्टेशनांवर, म्हणून तिथे सामान न नेण्याचा सल्ला मला पटला.

आणि हालस्टाटच्या त्या बोटीला नावं ठेवू नका. रेल्वेतून उतरलं की खाली धक्का, बोट आगगाडीच्या वेळेला लावलेली असते. तळ्याच्या मधोमध आलं की समोर चर्चचा सुळका आणि डोंगराला चिकटलेली घरं हळूहळू जवळ येतात. गाडीवाले गावाबाहेरच्या पार्किंगमध्ये गाडी लावून चालत येतात, त्यांना हे दिसतच नाही. फक्त परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधी बघून ठेवा, ती संध्याकाळी लवकर सुटते.

दुसरं म्हणजे, गाडीने गेलो तेव्हा मुलाने काय पाहिलं? रस्ता. उजव्या बाजूने चालवायचं, सिग्नल किंवा पाट्या नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, कॅमेऱ्यांवर लक्ष. रात्री तो जेवायलाही बोलत नव्हता.

म्युनिककर

इथे राहतो म्हणून लोहमार्गींच्या गुलाबी चित्रात थोडी भर घालतो. जर्मनीत लांब पल्ल्याच्या गाड्यांची वक्तशीरता 2024 साली 62 टक्क्यांच्या आसपास होती. सहा मिनिटांच्या आतला उशीर 'वेळेवर' धरूनसुद्धा. उन्हाळ्यात रुळांची कामं निघतात आणि मधल्या टप्प्यावर बसमध्ये बसवतात. ऑस्ट्रियातून जर्मनीत येताना सीमेवर पोलीस पासपोर्ट बघतात, त्यातही वेळ जातो. शेंगेन व्हिसा आहे म्हणून पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. परतीचं विमान म्युनिकहून असेल तर आदल्या रात्रीच इथे या.

तरीही चौघांना मी रेल्वेच सांगेन, पण तिकीट नीट काढा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर पुढच्या गाडीने जाता येतं. दोन स्वस्त तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर दुसरं बहुधा वाया. उशीर तासाभराचा झाला तर 25 टक्के आणि दोन तासांचा झाला तर 50 टक्के पैसे परत मागता येतात.

म्युनिक ते साल्झबुर्गला बायर्न-तिकीट (बव्हेरिया राज्यातल्या साध्या गाड्यांचं दिवसभराचं तिकीट) घ्या. पाच जणांपर्यंत एकच तिकीट, साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं, साध्या गाडीने दोन तासांच्या आत पोचता. फक्त सोमवार ते शुक्रवार या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालतं. एवढ्या मार्गासाठी युरेल पास (अनेक देशांत चालणारा रेल्वे पास) घेऊ नका, आधी काढलेली सुटी तिकिटं स्वस्त पडतात.

घाटवाट

साठीनंतर, तुमचा अनुभव मान्य, हालस्टाटचा मुद्दा मागे घेतो. ग्रोसग्लॉकनरचा नाही. आणि हेच लोक पुढच्या वर्षी क्रोएशियाला निघतील तेव्हा काय सांगणार? डुब्रोव्हनिकला रेल्वेच नाही, प्लिटविसच्या तळ्यांनाही नाही. "युरोपात गाडी नको" हे सरसकट खरं नाही.

लोहमार्गी

सरसकट मी म्हटलंच नव्हतं, पण क्रोएशियाच्या किनाऱ्याबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथे बस किंवा भाड्याची गाडीच. झाग्रेबहून प्लिटविसला बस आहे, तरी चौघांना गाडी सोपी पडेल.

ग्रोसग्लॉकनरसाठी मधला मार्ग निघतो. साल्झबुर्गच्या मुक्कामात एका दिवसापुरती गाडी घ्या आणि संध्याकाळी तिथेच परत करा. परदेशी सोडण्याचं शुल्क नाही, विनेट लागलंच तर एकट्या ऑस्ट्रियाचं, व्हिएन्नाचं पार्किंग नाही. आंतरराष्ट्रीय परवाना मात्र निघण्याआधी आरटीओकडून काढून घ्या, मूळ परवानाही सोबत हवा. घाटाचा टोल चांगलाच आहे, आणि वर ढग असतील तर काहीच दिसत नाही, म्हणून दिवस आदल्या संध्याकाळी हवामान बघून ठरवा. ही मोकळीक गाडीमुळे मिळते हे मान्य. पण तो एक दिवस झाला, सगळी सहल नाही.

म्युनिककर, व्हिएन्ना ते बुडापेस्ट आरक्षण सक्तीचं नाही, तरी आई-बाबांसाठी मी ते सांगतोच. शुक्रवारी दुपारी आणि रविवारी या गाड्या भरून जातात. फलाटावर ए, बी, सी असे विभाग आखलेले असतात आणि आपला डबा कुठे थांबणार ते फलकावर दिसतं. त्यांना गाडी यायच्या आधीच त्या अक्षराखाली बॅगांसह उभं करा. गाडी आल्यावर फलाटभर डबा शोधायला लावू नका.

साठीनंतर

आणि फलाट आयत्या वेळी बदलला तर लिफ्टपर्यंत पोचण्याइतका वेळ हाताशी ठेवा. तरुण मुलं जिन्याने धावत पुढे जातात आणि आम्ही मागे राहतो. बदलत्या गाडीत निदान अर्ध्या तासाचं अंतर असेल असंच तिकीट काढा, ॲप दहा मिनिटांचं सुचवत असलं तरी.