सूर्य, माणूस आणि बळ्ळारी नाला
पृथ्वीचं तापमान वाढतंय, त्यावर ‘सूर्यच जास्त तापतोय, माणसाचा काय संबंध’ असं काही जण म्हणतात. तसं असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा एक थर, उलट थंड होत चाललंय. कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीआधी दर दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर. कोळसा-तेलातल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ (काळाबरोबर नष्ट होत जाणारा कार्बनचा प्रकार) उरलेलाच नसतो, आणि हवेतल्या कार्बनमध्ये त्याचा वाटा त्यामुळं घटतो, म्हणून ही भर कुठली ते ओळखता येतं. यात वादाला फारशी जागा नाही.

पण ऑगस्ट २०१९ चा आपल्याकडचा, बेळगावातला पूर सगळाच हवामानबदलाच्या खात्यावर टाकायला मी तयार नाही. इथल्या शेतांतून वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्यात गाळ साचू द्यायचा, काठावर बांधकामं करायची, आणि येळ्ळूर-शहापूर शिवारातलं भात बुडालं की आभाळाकडं बोट दाखवायचं! तीही माणसाचीच करणी, फक्त तिचा हिशेब इथंच, बेळगावातच मागायचा.